डोंगर धुवून झाला का?

आमच्या घरात डोंगर रोजचा होता. मशीनमधले कपडे सोफ्यावर ओतले की मी ओरडायचे, हा एवढा डोंगर आता कोण उपसणार? पाहुणे जेवून गेले की सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर. नवरा साइटवरून आला की त्याच्या डोक्यावर कामाचा डोंगर. आमची मुलगी दोहात जन्मली, दोहात वाढली. तिनं हा शब्द असा दिवसातून चार वेळा ऐकला आणि त्याचा अर्थ आपला आपण लावून टाकला. डोंगर म्हणजे ढीग. तो उपसतात, धुतात, घड्या घालून कपाटात ठेवतात.

यात पोरीचं काय चुकलं? पण हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं. आधी मी काय केलं ते सांगते.

आम्ही दोहातल्या अबू हमूर भागात एका कंपाउंडमध्ये राहत होतो. वर्ल्ड कप यायला चारएक वर्षं होती आणि अख्खं शहर खोदून ठेवलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्यानं मुलीला शाळेत सोडलं, तो दुपारी आणायला जाताना बंद. फोनमधला नकाशा म्हणायचा सरळ जा, आणि सरळ बघावं तर खड्डा. नवरा सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे हे खड्डे खणणाऱ्यांपैकीच, त्यामुळे संध्याकाळी माझ्या शिव्या त्यालाच खाव्या लागायच्या. आमच्या कंपाउंडच्या भिंतीमागं रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. तिथं खणून काढलेली माती आणि चुनखडीचे गोटे टाकून टाकून दोन मजली ढिगारा उभा राहिला होता. बाकी नजर जाईल तिथवर जमीन परातीसारखी सपाट. दुखानकडे थोडा उंचवटा आहे, त्याला इथले लोक जबल, म्हणजे डोंगर, म्हणतात, पण आमच्या गावच्या माणसाला तो टेकडी म्हणूनसुद्धा पटला नसता.

माझं माहेर नाशिककडचं, डोंगराच्या अगदी पायाशी. त्या डोंगराला नकाशात नाव आहे, पण गावात ते कुणी घेत नाही. डोंगर म्हटलं की तोच. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, रोज सकाळी डोंगरावर जायचे. गुरं होती तेव्हा गुरांमागं, आणि गुरं गेल्यावर सवयीनं. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी फोन लावायचे. तिकडे भावाच्या घरात तो स्पीकरवर टाकलेला असायचा, आणि आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं: आज डोंगरावर गेलो होतो. मग करवंदं धरलीत का, झऱ्याला पाणी किती आहे, बिबट्याचा माग दिसला का, सगळी खबर यायची. मुलगी माझ्या मांडीला रेलून ऐकत बसायची. तेव्हा ती सात वर्षांची होती.

आणि ती आप्पांशी मराठीत बोलायची. माझ्याशी नाही हं. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हे आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात चालायचं, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण आप्पांना इंग्लिश येत नाही हे तिला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी ती एकेक शब्द शोधून, मध्येच थांबून, जुळवून जुळवून बोलायची. आप्पाही तिच्याशी घाई करायचे नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याशी बांधावर बसून बोलावं तसे बोलायचे.

एका शुक्रवारी आप्पा म्हणाले, आज डोंगरावर गेलो होतो. मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं,

“आजोबा, डोंगर धुवून झाला का?”

पहिली हसले ती मी. मग तिकडून भाऊ, वहिनी, दोन्ही भाच्या. वहिनीला तर हसता हसता ठसका लागला. आप्पा मध्येच काहीतरी म्हणत होते, ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी डोळे पुसत पोरीला समजवायला लागले, की अगं वेडे, डोंगर म्हणजे माउंटन, त्याला कुठलं मशीन पुरणार? ती नुसती बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. ते मला दिसलं, आणि तरी मी हसतच राहिले.

एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आईसुद्धा सांगायची. पुढच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांची सहल समैस्म्याच्या किनाऱ्यावर गेली. पन्नास-साठ माणसं असतील. चटया टाकल्या, पोहे झाले, चहा झाला, आणि मी तो किस्सा काढला. नुसता सांगितला नाही, रंगवून सांगितला. मशीनमध्ये डोंगर कोंबायचा अभिनय केला, तिचा बारीक आवाजही काढला. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. एका काकांनी तर लांबूनच तिला हाक मारून विचारलं, की काय गं, डोंगराला साबण कुठला वापरता तुम्ही?

ती पाण्याजवळ बादलीत वाळू भरत होती. तिनं ती वाळू खाली ओतली, बादली उचलली आणि सरळ जाऊन गाडीत बसली. मी मागून गेले. गाडी भट्टीसारखी तापलेली, आणि ही मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेली. रडत नव्हती. शाळेत हजेरी देताना बोलावं तशा आवाजात म्हणाली,

“आय डोन्ट नो मराठी.”

मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. दोन दिवस गेले, दोन महिने गेले, दीड वर्ष गेलं. दर शुक्रवारी ती फोनवर हाय आजोबा म्हणायची आणि बाय आजोबा म्हणायची, मध्ये काही नाही. आप्पा पहिल्यांदा विचारायचे, पोरीला बरं नाही का? मग विचारायचे, अभ्यास फार असतो का? एकदा भीतभीत म्हणाले, माझ्यावर रागावली का गं? मी म्हटलं, छे हो आप्पा, तुमच्यावर कशाला, मुलं मोठी होतात. माझ्यावर रागावली आहे एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. एरवी बरी चुरूचुरू चालते.

आणखी एक गोष्ट फार उशिरा माझ्या ध्यानात आली. आप्पांनी डोंगर म्हणायचं सोडून दिलं होतं. आता ते म्हणायचे, आज वर गेलो होतो. वर करवंदं आलीत, वर पाणी आटलं. सत्तर वर्षं तोंडात असलेला शब्द त्या माणसानं गिळून टाकला, नातीला लागू नये म्हणून. हे कळलं त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. अक्षरशः लाज.

त्यात भावानं एक दिवस बाजूला जाऊन वेगळा फोन केला. आप्पांचा एक कान गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्यानंही कमी ऐकू यायला लागलं होतं. फोनवरचं तर निम्मंच कळत होतं. डॉक्टरांनी कानाचं यंत्र सांगितलं, पण आप्पा ते लावून बसायला तयार नव्हते. भाऊ म्हणाला, काय बोलायचं ते आता बोलून घ्या. नात आणि आजोबांचं बोलणं मी तोडलं होतं, आणि ते जोडायला आता वेळही फारसा उरला नव्हता.

तेव्हा मी काय करावं? मुलीच्या मागं लागले. रोज मराठीचं पुस्तक, रोज पाच ओळी शुद्धलेखन. ती मुकाट्यानं लिहायची. अक्षर चांगलं, काना-मात्रा जागच्या जागी, आणि तोंडून एक शब्द नाही.

चौथीत तिच्या वर्गाला नवी बाई आली, आयर्लंडहून. मुलं तिला मिस म्हणायची, म्हणून मीही मिसच म्हणते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, नाकावर ठिपके, उन्हात निघाली की टोमॅटोसारखी लाल व्हायची. एक दिवस मुलगी घरी येऊन सांगायला लागली, अर्थात इंग्लिशमध्ये, की मिसच्या घरी इंग्लिश बोलत नाहीत. मी म्हटलं, काहीतरीच काय, आयरिश लोक इंग्लिश नाही तर काय बोलतात? तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. आयरिश बोलतात, म्हणाली. आयर्लंडमध्ये पश्चिमेला समुद्राकडेला थोडी गावं आहेत, तिथं अजून घरात, दुकानात, मेंढ्यांना ओरडतानासुद्धा ती भाषा असते, आणि मिस तिथली आहे. एम.कॉम. झालेल्या मला हे माहीत नव्हतं. 

तर ह्या मिसनं वर्गाला एक काम दिलं. प्रत्येकानं आपल्या घरच्या भागातल्या डोंगरावर एक पान करायचं, चार-पाच वर्षांच्या मुलांना कळेल असं. वर इंग्लिश, खाली घरची भाषा. मग एका दिवशी छोट्यांच्या वर्गात जाऊन दोन्ही वाचून दाखवायचं. नमुना म्हणून तिनं स्वतःच्या गावच्या डोंगराचं पान करून वाटलं होतं. ते मी फ्रिजवर लावलं होतं, म्हणून मला अजून जवळजवळ पाठ आहे. त्यात साधारण असं होतं:

माझ्या घराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. तो फार उंच नाही, पण ढगांना तेवढा पुरतो. सकाळी त्याला डोकं नसतं, दुपारी येतं. लांबून तो निळा दिसतो. जवळ गेलात की तपकिरी आणि ओला. त्याच्यावर झाडं नाहीत, मेंढ्या आहेत. मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका असतो, म्हणजे कोणती कोणाची ते कळतं. चालताना जमीन पायाखाली हलते आणि बुटात पाणी शिरतं, म्हणून मोज्यांचा दुसरा जोड घ्यावा. वरून समुद्र दिसतो. नाही दिसला तर पाऊस पडतो आहे असं समजावं. मग खाली उतरावं आणि चहा प्यावा.

वर मोठ्या अक्षरांत डोंगराचं आयरिश नाव होतं. ते आमच्या दोघींनाही वाचता आलं नाही.

मुलीनं जेवताना जाहीर केलं, की ती भिंतीमागच्या ढिगाऱ्यावर पान करणार. तिचं म्हणणं सरळ होतं. तो तिनं पाहिला होता. बाल्कनीतून रोज दिसायचा, त्यावर मांजरं चढायची, वारा सुटला की त्याची धूळ आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर यायची. आप्पांच्या डोंगराविषयी तिला काय माहीत असणार? कळत्या वयात ती दोनदाच गावी गेली होती, दोन्ही वेळा शाळेच्या सुट्टीत, जुलैमध्ये, आणि दोन्ही वेळा डोंगर ढगात बुडालेला होता. तिनं त्या जागी नुसतं पांढरं पाहिलं होतं.

पण माझं टाळकं सटकलं. तो डोंगर नाही, तो कचरा आहे, असं मी ओरडले. आप्पांचा डोंगर सोडून ही खड्ड्यातल्या मातीवर लिहिणार? मी वही ओढली आणि तिला मराठी सांगायला बसले. ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आणि निसर्गसौंदर्यानं नटलेला आमचा डोंगर’ अशी सुरुवात केली. शाळेत निबंधाला मला कायम चांगले मार्क मिळायचे, ते सगळं बाहेर आलं. हिरवा शालू आला, खळाळते झरे आले. तिनं मान खाली घालून उतरवून घेतलं. शेवटी मी विचारलं, छान झालंय की नाही? ती म्हणाली, ओके.

चार दिवसांनी मिसची चिठ्ठी आली, की येऊन भेटा, मुलीलाही थांबवून घ्या.

मी तयारीनंच गेले. वर्गातल्या त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलगी शेजारी, पाय हलवत. मिसनं पान समोर ठेवलं आणि म्हणाली, अक्षर फार सुंदर आहे. मग म्हणाली, की वाचूनही छान दाखवलं, पण ह्यात काय लिहिलंय असं मी विचारलं तर हिला सांगता आलं नाही. एका शब्दावर तिनं बोट ठेवलं. तो ‘नटलेला’ होता. मला घाम फुटला. चार वर्षांच्या मुलांना हे कसं कळेल, एवढंच तिनं विचारलं, अगदी गोड आवाजात.

आता सरळ कबूल करावं की नाही? पण मला आपली बाजू सावरायची होती. मी म्हटलं, काय करणार, हिला मराठी येतच नाही, मलाच करावं लागतं. आणि पुरावा म्हणून मी तो कपड्यांचा किस्सा पुन्हा सांगितला. तिच्यासमोर. इंग्लिशमध्ये. आप्पा डोंगरावर गेले आणि हिनं विचारलं, धुवून झाला का. सांगता सांगता मी हसलेसुद्धा.

मिस हसली नाही. तिनं डोंगर हा शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि कागदावर तिच्या अक्षरांत लिहून घेतला. मग विचारलं, तुम्ही घरी कपड्यांच्या ढिगाला खरंच डोंगर म्हणता? मी म्हटलं, हो, म्हणतो. भांड्यांनाही? भांड्यांनाही.

“मग ती चुकली कुठं?” मिस म्हणाली.

मिसनं फोन काढून एक फोटो दाखवला. एक पांढरं घर, मागं तिचा तो निळा डोंगर, आणि घराच्या भिंतीला लागून काळ्या विटांसारखं काहीतरी रचून ठेवलेलं. तिनं सांगितलं, की डोंगराखालच्या ओल्या जमिनीतून काळी माती कापून काढतात, उन्हात वाळवतात आणि थंडीत चुलीत जाळतात. आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशी ती घराशेजारी रचून ठेवतात. त्या रचलेल्या ढिगाला त्यांच्या भाषेत क्रूअख म्हणतात. शेवटचा ख घशातून, इथले अरब खलास म्हणतात त्यातल्यासारखा. गवताच्या गंजीलाही क्रूअख म्हणतात. आणि मागच्या त्या डोंगराच्या नावातही तोच शब्द आहे. निळी रास, असा काहीसा त्याचा अर्थ. म्हणजे तिची आई मुलांना क्रूअखकडे पिटाळायची तेव्हा कुठं जायचं, भिंतीकडे की डोंगरावर, ते आईच्या हातात टोपली आहे की नाही यावरून कळायचं. त्यांच्याकडे ह्यावर कुणी कधी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

शेजारच्या खुर्चीवरचे पाय हलायचे थांबले होते. मुलगी फोटोकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मिसचा मला आधी रागच आला. कालची पोर, मला मराठी शिकवते. पण तो राग पार्किंगपर्यंतही टिकला नाही. ती बरोबर होती आणि मी चूक होते, आणि हे सात वर्षांच्या मुलीला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. गाडीत बसलो, पहिल्या सिग्नलला थांबलो, आणि मी पुढं बघत म्हटलं,

“चुकलं माझं. हसायला नको होतं. समैस्म्याला तर सांगायलाच नको होतं. आणि आज पुन्हा सांगितलं, ते सगळ्यात वाईट केलं.”

सिग्नल सुटला. पुढं रस्ता वळवला होता, दोन्ही बाजूंना लाल-पांढरे अडथळे, मध्ये आम्ही गोगलगायीसारखे सरकत होतो. बऱ्याच वेळानं तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, की आजोबापण हसले होते का?

मी हो म्हणणारच होते. सगळेच हसले होते की. मग मला वहिनीचा ठसका आठवला, भाच्यांचं खिदळणं आठवलं, भावाचं गडगडाटी हसू आठवलं. आप्पांचं हसू काही आठवेना. आठवला तो त्यांचा आवाज, त्या गोंधळाच्या खालून काहीतरी सांगत असलेला.

मी म्हटलं, नाही. आजोबा काहीतरी सांगत होते. आम्ही हसत होतो, म्हणून ऐकू आलं नाही.

ती म्हणाली, काय सांगत होते? मी म्हटलं, मला माहीत नाही, तूच विचार. हे सगळं बोलणं मी मराठीत आणि ती इंग्लिशमध्ये, नेहमीसारखंच झालं.

शुक्रवार उजाडला. फेब्रुवारी संपत आला होता. त्याच आठवड्यात भिंतीमागचा ढिगारा ट्रकांनी भरून नेला, तिथं आता नुसता नवा काळा रस्ता होता. मुलगी सकाळी बाल्कनीतून बघून आली आणि आत गेली. दुपारी मी कपडे सोफ्यावर ओतले आणि ह्या खेपेला तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडे आप्पा म्हणाले, आज वर गेलो होतो.

मुलगी मिसचं पान नव्यानं करायला कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन खोलीतून बाहेर आली. फोनजवळ खाली बसली. तिनं काहीतरी विचारलं, पण इतक्या बारीक आवाजात, की ते मलाही नीट कळलं नाही. आप्पा म्हणाले, कोण बोलतंय? काय म्हणालीस पोरी? ऐकू येत नाही मला, मोठ्यानं बोल.

मला वाटलं, संपलं. आता ती बाय आजोबा म्हणून उठणार. ज्या वाक्यावरून पन्नास माणसं हसली, ते वाक्य तिला आता ओरडून म्हणायचं होतं. मी हातातला टॉवेल घट्ट धरून बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं फोन उचलून तोंडाशी धरला आणि साऱ्या कंपाउंडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“आजोबा, डोंगर धुवून झाला का?”

तिकडे कुणी हसलं नाही. वहिनीसुद्धा नाही. मग आप्पा बोलले, सावकाश, बांधावर बसल्यासारखे.

“नाही अजून. जूनमध्ये धुवायला टाकतात. मग वाळायला दिवाळी उजाडते. तू दोनदा आलीस तेव्हा तो पाण्यात होता, म्हणून तुला दिसला नाही. आता एकदा वाळल्यावर ये.” आणि पुढं म्हणाले, “हे मी तुला त्याच दिवशी सांगत होतो. तुझ्या आईनं सांगू दिलं नाही.”

माझे डोळे भरून आले. टॉवेल हातात होताच.

मुलगी कागदावर लिहीत होती. ‘डोंगर जूनमध्ये धुतात.’ मग तिनं आप्पांना थांबवलं, हळू सांगा, मी लिहिते, असं म्हणाली, मराठीत. वाळायला स्पेलिंग काय, असंही विचारलं. आप्पांना स्पेलिंग कळलं नाही, पण त्यांनी शब्द तीनदा सावकाश म्हणून दाखवला, वा-ळा-य-ला. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडचा डोंगर झाला का धुवून?

तिनं मान वळवून सोफ्याकडे पाहिलं.

“झाला. वाळला पण. आई घड्या घालते आहे.”

“घालू दे तिला,” आप्पा म्हणाले. “आपण बोलू.”

मी घड्या घालत राहिले. सगळे कपडे संपले, तरी त्यांचं चाललंच होतं.